टपालाचं विमान

बाल्साची फळी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा माझा हात उगाच खांद्यापर्यंत वर गेला. तीन फूट लांब, चार बोटं रुंद लाकूड दिसलं की त्याच्या वजनाचा अंदाज मनगट आपोआप धरतं. माझ्या मनगटाने सागाचा अंदाज धरला होता आणि हातात काहीच नव्हतं. लहान्या खाटेवर बसून हसला. सहा वर्षांत तो माझ्यासमोर पहिल्यांदा हसला असेल.

"धांड्याच्या भेंडासारखं हाये ना?" तो म्हणाला.

होतं खरं तसं. आमच्या लहानपणी खेळणी विकत आणायची पद्धत नव्हती. ज्वारी कापली की धांडे घ्यायचे, वरचं साल दातांनी सोलायचं, आतलं पांढरं भेंड तोडायचं आणि सालाच्या काड्या त्यात टोचून बंडी करायची. बैल करायचे, वखर करायचा. मी बंडी करायचो. लहान्या विमान करायचा. एक लांब भेंड, त्यात आडव्या दोन काड्या, मागे एक उभी. ते उडायचं नाही, पण तो ते हातात धरून धुऱ्याधुऱ्याने पळायचा आणि तोंडाने आवाज काढायचा. आता आमच्या भागात ज्वारी राहिली नाही. सोयाबीन आणि तूर आली. सोयाबीनच्या कुटाराची कोणती खेळणी होतात?

विमान त्याच्या डोक्यात कुठून आलं ते सांगतो. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, नदीपासून दोन कोसांवर. कार्तिकात ज्वारी निसवली, दाणा भरला की रानडुकरं यायची. बाबा जागलीला जायचे आणि आम्हा दोघांना सोबत न्यायचे. माळ्यावर कडबा अंथरून आम्ही पडायचो. बाबांजवळ घड्याळ नव्हतं. मध्यरात्र उलटायच्या सुमारास मुंबईच्या बाजूने एक घरघर यायची, एक तांबडा आणि एक हिरवा दिवा आमच्या डोक्यावरून नागपूरकडे जायचा. बाबा म्हणायचे, "टपालाचं विमान गेलं. पोरं हो, शेकोटीत लाकूड टाका." मग आम्ही झोपायचो. पहाटेच्या आधी ते परत मुंबईकडे जायचं. तेव्हा बाबा उठून एक चक्कर मारायचे, कारण डुकरं त्याच वेळेला येतात.

ते विमान काय होतं हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. 1949 साली रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना ही रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही गावांहून संध्याकाळचं टपाल घेऊन एकेक विमान निघायचं. चारही विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला उतरायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची, काही माणसंही बदलायची, आणि जो तो आपल्या गावी परत. पत्र आज टाकलं तर उद्या देशाच्या दुसऱ्या टोकाला. 1973 पर्यंत हे चाललं. म्हणजे सारा देश झोपलेला असताना चार दिशांची पत्रं आमच्या शेजारी येऊन एकमेकांना भेटत होती आणि आम्ही डुकरं हाकलत होतो. सुरुवातीला ही सगळी डाकोटा विमानं होती. पुढे पुढे चार इंजिनांची मोठीही आली. पण बाबांना ते काय माहीत! ते सगळ्यांनाच डाकोटा म्हणायचे. हा शब्द त्यांनी पुलगावच्या बाजारात ऐकला होता.

मी दहावी झालो त्या उन्हाळ्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा पुढच्या शिक्षणाचं कोणी काही बोललं नाही. मृगाला मी तिफण धरली. लहान्या माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो शिकत राहिला आणि 1979 साली हवाई दलात भरती झाला. वैमानिक म्हणून नाही, फिटर म्हणून. विमानाच्या अंगाची दुरुस्ती करणारा. तो आसामात जोरहाटला गेला आणि योगायोग असा की तिथे त्याच्या हाती डाकोटाच पडली. प्रवासी कंपन्यांनी तिला सोडून दिलं तरी हवाई दल ती अजून वापरत होतं. अरुणाचलाच्या डोंगरात रस्ते नव्हते तिथे तांदूळ, मीठ, रॉकेल वरून टाकायचं काम ती करायची. त्याने पत्रात लिहिलं होतं, "बाबाले सांगा, टपालाच्या विमानाले हात लावला." मी बाबांना ते वाचून दाखवलं. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी चांगला हात वर करून पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवला.

आता भांडणाचं सांगतो, कारण ते टाळून पुढे जाता येत नाही. लहान्या नोकरी संपवून नागपूरला स्थायिक झाला, तिथे एका कारखान्यात पुन्हा नोकरी केली. 2016 साली त्याने हिस्सा मागितला. नाल्यापासून काटेसावरीच्या झाडापर्यंत तीन एकर. कायद्याने त्याचंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण चाळीस वर्षं मी त्यातले दगड वेचले होते. मी रागाच्या भरात बोललो, "तू आभाळात फिरला, मी वावरात राहिलो, आणि आता वावरही तुलेच पाहिजे." तो चहाचा कप तसाच ठेवून उठला. मोजणी झाली नाही, वाटणी झाली नाही. ते तीन एकर मीही पेरलं नाही आणि त्यानेही नाही. त्यात गवत आणि तरोटा माजला. गावातले लोक सहा वर्षं त्या पडीताकडे बोट दाखवून आमच्याबद्दल बोलत असतील.

मग पुतण्याचा फोन आला. "मोठेबाबा, बाबाले कंपवात झाला. ते काहीतरी बनवून राहिले आणि त्यांच्या हातानं ते होऊन नाही राहिलं. रोज चिडतात. गावाले यायचं म्हणतात, पण तुम्हाले कसं विचाराव म्हणून मीच विचारतो." माझ्या आधी घरची बोलली. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊजीले घेऊन ये. विचाराले काय लागते?"

तो आला तेव्हा सोबत एक छोटा टेम्पो होता. त्यात खोकी, कागदाची गुंडाळी आणि घोंगडीत बांधलेला एक सांगाडा. माणूस मेल्यावर बांधतात तसा. घरची आधी दचकलीच. सोडल्यावर कळलं, विमानाचं धड आहे. साडेसहा फूट लांब. गोल गोल चौकटी एकामागे एक उभ्या, त्यांना जोडणाऱ्या लांब काड्या. नदीकाठी मासे धरायचा मोठा मळा असतो ना, तसं दिसत होतं.

2018 साली इंग्लंडात दुरुस्त केलेली एक जुनी डाकोटा हवाई दलाला भेट मिळाली. तिचं नाव परशुराम ठेवलं. 1947 च्या ऑक्टोबरात शिखांची पलटण घेऊन जी डाकोटा श्रीनगरला उतरली होती तिचा नंबर हिच्या शेपटीवर घातला. ती उडत भारतात आली हे लहान्याने टीव्हीवर पाहिलं आणि त्याने ठरवलं की आपण एक बनवायची. खरीच्या दहाव्या हिश्शाची. खरी डाकोटा एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंचाण्णव फूट. ही साडेनऊ फूट. रेडिओवर चालणारी, खरोखर उडणारी. आणि रंग हवाई दलाचा नाही द्यायचा, टपालाच्या प्रवासी विमानाचा द्यायचा. मला हे त्याने सांगितलं नाही. मी नकाशावर पाहिलं.

नागपूरला त्याला दोन अडचणी होत्या. एक म्हणजे फ्लॅटच्या दारातून एवढा पंख बाहेर निघत नव्हता. दुसरी, विमानतळाच्या आसपास असलं काही उडवता येत नाही. तिसरी अडचण हात. ती तो मोजत नव्हता.

काम आमच्या छपरीत सुरू झालं. त्याला एकदम सपाट पाट पाहिजे होता, कारण खालचा पाट वाकडा असला तर पंख वाकडा होतो आणि वाकडा पंख सरळ उडत नाही. आमच्या जुन्या कोठीचं सागाचं दार काढून दोन बंड्यांच्या जुवांवर ठेवलं. त्याने त्यावर पाणसळ फिरवून पाहिली आणि म्हणाला, "आजोबानं दार चांगलं करून घेतलं व्हतं." त्यावर नकाशा, नकाशावर पारदर्शक प्लास्टिक, म्हणजे गोंद कागदाला चिकटू नये. आणि त्यावर एकेक फासळी उभी करायची.

पंख म्हणजे फासळ्या. प्रत्येक फासळी शेजारणीपेक्षा थोडी लहान, कारण पंख टोकाकडे निमुळता होतो. तीन मिलिमीटर जाडीच्या बाल्सातून त्या कापायच्या. लहान्याने पहिल्या दिवशी स्वतः कापायचा प्रयत्न केला. गोळी घेतल्यावर तासाभराने त्याचा हात थोडा वेळ शांत राहायचा, त्या वेळेत. दोन फासळ्या बऱ्या झाल्या. तिसरीला सुरी सटकली आणि फळी उभी चिरली. त्याने ती चुरगाळून फेकली. बाल्सा चुरगाळता येतं, इतकं ते मऊ असतं.

मी उठून आत गेलो आणि माझा कलम करायचा चाकू आणला. मी तीस वर्षं जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधले आहेत. साल उघडायची पण आतल्या लाकडाला धक्का लावायचा नाही, डोळा उचलायचा पण त्याचं पोट फाडायचं नाही, हे काम चाकूच्या टोकाचं नसतं, श्वासाचं असतं. लहान्याच्या डॉक्टरी सुऱ्यांपेक्षा तो चाकू जाड होता. तरी मी एक फासळी कापली. त्याने ती उजेडात धरली. त्याच्या हातात ती थरथरत होती म्हणून मीच दुसऱ्या बाजूने धरली.

"चालते," तो म्हणाला. आणि मग, "पण माह्या सुरीनं काप. तुह्या चाकूनं रेघ जाड येते."

असं ते ठरलं. त्याची अक्कल आणि माझे हात.

मला वाटायचं लाकूड म्हणजे लाकूड. पण त्याने शिकवलं की बाल्सात बाल्सा वेगळं. एकाच मापाच्या दोन फळ्यांत एकीचं वजन दुसरीच्या दुप्पट असू शकतं. हलकी फासळ्यांना, कडक आणि जड ती मधल्या आडव्या पट्ट्यांना, लवचीक ती वरून मढवायला. सोनाराचा काटा घेऊन आम्ही फळ्या वेगळ्या केल्या, जसे आपण बियाण्याचे दाणे वेगळे करतो. हे झाड दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात होतं. पाच-सात वर्षांत तोडायला येतं. आणि मजा अशी की वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते आपल्या पऱ्हाटीच्या कुळातलं आहे. काटेसावरही त्याच कुळातली. त्याच्या बोंडातही सावरीसारखा कापूस निघतो म्हणे. पुतण्याने हे मोबाइलवर काढून वाचून दाखवलं तेव्हा मला उगाच बरं वाटलं. आयुष्यभर कापूस पिकवला, भाव कधी धड मिळाला नाही, पण त्याच्या भाऊबंदांतलं कोणीतरी उडतं. त्याचेही भाव अलीकडे वाढले होते, कारण पवनचक्क्यांच्या मोठ्या पात्यांत बाल्सा घालतात. मी हिशेब विचारला नाही. घरचीने विचारला. आकडा ऐकून ती म्हणाली, "एवढ्यात तर म्हैस येते." आणि मग त्या म्हशीला रोज दोन्ही वेळ चहा नेऊन देत राहिली.

पंखाच्या वरचं मढवण पातळ पत्र्यासारख्या बाल्साचं असतं. ते पुढच्या गोलाईवर वळवताना कडकन मोडायचं. लहान्याने गरम पाण्याने भिजवायला सांगितलं. मी भिजवलं, तरी दोन मोडले. शेवटी घरचीने चुलीवर पातेलं ठेवलं आणि शेवया वाफवतात तशी फळी वाफेवर धरली. कातड्यासारखी मऊ झाली. मग आम्ही दोघांनी ती वळवली आणि घरचीच्या काकणाच्या रबरांनी बांधून ठेवली.

चूक माझ्याकडून व्हायची ती झालीच. डावा पंख तयार झाला, उजवा तयार झाला, दोन्ही शेजारी ठेवले तर उजवा नऊ मिलिमीटर आखूड. मी एका फासळीचं अंतर चुकीच्या रेघेवरून धरलं होतं. पंधरा दिवसांचं काम. मला वाटलं आता तो चिडणार. तो खाटेवर आडवा झाला आणि त्याने मला चीनमधली गोष्ट सांगितली. 1941 साली चीनमध्ये एका डाकोटाचा एक पंख जपानी बॉम्बने गेला. जवळपास दुसरा पंख नव्हता. हाँगकाँगला एक पंख होता, पण तो आधीच्या लहान विमानाचा, पाच फूट आखूड. तो दुसऱ्या विमानाच्या पोटाखाली बांधून नेला, जोडला, आणि विमान एक पंख लांब, एक पंख आखूड असं उडवत परत आणलं. "त्यायचा पाच फूट, आपला नऊ मिलिमीटर," लहान्या म्हणाला. "टोकाले एक पट्टी लाव आणि गप बस."

त्या दिवशी मी बोललो. सहा वर्षांपूर्वीचं वाक्य मला छातीत अडकलं होतं. मी म्हटलं, "त्या दिवशी मी म्हटलं होतं, तू आभाळात फिरला..."

त्याने मला पूर्ण बोलू दिलं नाही. "मी कुठचा आभाळात? वीस वर्षं मी विमानाच्या पोटाखाली उताणा पडून तेल पुसलं. डाकोटाचं तेल इतकं गळे का, गळायचं थांबलं का आम्ही समजो, आता टाकीत तेल नाही. वर पायलट जाय. मी खालून पाहत राहो. तू जसा वावरातून पाहत व्हता तसाच."

थोड्या वेळाने म्हणाला, "चार-पाच डाव बसलो असन. एकदा उलटी झाली."

मी पट्टी लावली.

पुढचं भरभर सांगतो. शेपटीचे हलणारे भाग कापडाचे करायचे असा त्याचा हट्ट होता, कारण खऱ्या डाकोटातही सगळं अंग पत्र्याचं पण हलणारे भाग कापडाने मढवलेले. तेच त्याचं काम होतं. मी हौसेने सेवाग्रामहून बारीक खादी आणली. ती जड पडली. शेवटी मायच्या पेटीतली मलमल लागली. कापड ताणून बसवायचं आणि त्याला लेप द्यायचा, हे मात्र त्याने स्वतः केलं. ब्रश दोन्ही हातांत धरून. थोडं ओघळलं, पण त्याने मला हात लावू दिला नाही.

नाकाचं लाकूड बाल्साचं नको असं तोच म्हणाला. विमान हातावर तोलून पाहिलं तर मागे झुकत होतं. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव हिश्शावर बोटं लावून उचललं तर ते सरळ राहिलं पाहिजे, नाहीतर हवेत ते सांभाळत नाही. नाकात शिसं भरण्यापेक्षा नाकच थोडं जड करावं. मी विचारलं, सावर चालेल? सावर हलकी असते, आगकाड्यांत जाते, पण बाल्सापेक्षा कितीतरी जड. धुऱ्यावरच्या सावरीची एक फांदी वाऱ्याने पडून वाळली होती. तीच सावर, जिच्यापर्यंतचे तीन एकर होते. मी ती आणली. गावच्या वाढईने तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घडवतो त्या रंध्याने आणि कानसीने नाक घडवलं. तो म्हणाला, "शिंगं नको ना?" एवढं करूनही थोडं शिसं लागलंच.

तान्ह्या पोळ्याला आमच्या नातवाने गोंधळ घातला की मला बैल नको, विमान न्यायचं. तेव्हा ते रंगायचं होतं, पंखही लावलेले नव्हते. तरी लहान्या म्हणाला, ने. चाकांना दोरी बांधून पोरगा डाकोटाचं धड पोरांच्या बैलांमागे ओढत घेऊन गेला. बायांनी विमानाला कुंकू लावलं. बोजारा म्हणून पोराला वीस रुपये मिळाले.

उडवायला जागा पाहिजे होती. सगळ्या गावात पेरलेलं नसलेलं एकच वावर होतं. त्यावर आम्ही कोणी काही बोललो नाही. मार्चमध्ये मी तरोट्याची खुंटं खणली, वखर घातला, मग पाटा फिरवला, मग पाणी शिंपून पुन्हा पाटा. साठ पावलं लांब, आठ पावलं रुंद पट्टी. लहान्या काठी टेकत तिच्यावरून चालला आणि काठीने ढेकळं दाखवत गेला. मी मागून फोडत गेलो.

कापसाच्या काट्यावर विमान तोललं, अकरा किलो चारशे. पांढरं आणि चंदेरी, बाजूने निळा पट्टा. दोन विजेच्या मोटारी, पंखात. त्यांच्या तारांचे टाके लहान्यानेच दिले होते. मी म्हटलं होतं, पुतण्या देईल. तो म्हणाला, वीस वर्षं मी तेच केलं. सोल्डरिंगची लोखंडी त्याच्या हातात थरथरत होती, मी दुसरीकडे पाहिलं.

पुतण्या उडवणार होता. तो लहानपणी बापाबरोबर थर्माकोलची विमानं उडवायला शिकला होता. गावातली शंभरेक माणसं धुऱ्यावर बसली. पहिल्या वेळी धावपट्टीवर विमान डावीकडे वळलं, ढेकळाला धडकलं आणि नाकावर उभं राहिलं. डाकोटाला मागे एक छोटं चाक असतं, शेपटी जमिनीवर टेकलेली. पळताना आधी शेपटी उचलावी लागते आणि त्या वेळी ती हट्टी बैलासारखी एका बाजूला ओढते. चाकाचा पाय वाकला होता, तो सरळ केला.

दुसऱ्या वेळी शेपटी उचलली. चाळीस-पन्नास पावलांत ती जमीन सोडून गेली. पोरं ओरडली. सावरीच्या वरून ती वळली तेव्हा तिची चाकं वर जाताना दिसली. अर्धीच आत जातात, अर्धी बाहेर राहतात, खरीचीही तशीच. आणि वर गेल्यावर ती लहान दिसायला लागली, आणि लहान दिसल्यावर एकदम मोठी झाली. कसं सांगू! तिच्या मागे मोजायला काही नव्हतं, नुसतं आभाळ. मग ती दहाव्या हिश्शाची आहे हे डोळ्यांना कळत नव्हतं. ती मुंबईकडून आली आणि नागपूरकडे गेली.

मी लहान्याकडे पाहिलं. तो वर पाहत होता आणि त्याचा हात गुडघ्यावर उडत होता. तो म्हणाला, "आवाज नाही ना हा तो." खरं होतं. विजेच्या मोटारींचा आवाज गांधीलमाशीसारखा. बाबांनी हा आवाज ऐकून शेकोटीत लाकूड टाकायला सांगितलं नसतं.

चौथ्या मिनिटाला उजवी मोटार बंद पडली. खरी डाकोटा एका इंजिनावर घरी येते. आमची एका बाजूला ओढली गेली, पुतण्याने सावरायचा प्रयत्न केला, पण पंखाचं टोक खाली पडलं आणि ती फिरत शेजारच्या तुरीच्या कापलेल्या वावरात उतरली. उतरली म्हणायचं. धावत गेलो तर तुरीच्या खुंटांवर पडली होती. डावा पंख मधोमध मोडला होता. नाक शाबूत होतं. सावर मोडत नाही लवकर.

मी उजव्या मोटारीचं झाकण उघडलं. तार निघाली होती. टाका कच्चा होता, सोल्डर तारेला धरलेलंच नव्हतं, नुसतं वर बसलं होतं. तेवढ्यात लहान्या काठी टेकत पोचला. त्याने वाकून पाहिलं.

"हा टाका माह्या हातचा," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पहिल्या वेळी ढेकळाले धडकली ना, त्या धक्क्यानं निघाला. ढेकूळ मीच ठेवलं व्हतं."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. फिटर होता तो. टाका धक्क्याने निघतो की कच्चा असतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

"हाव," तो म्हणाला. "ढेकूळच असन."

पंख बंडीत घालून घरी आणला. तीन एकराचं कागदावर अजून काही झालेलं नाही. धावपट्टी सोडून बाकी यंदा तूर टाकली. डाव्या पंखाच्या सात फासळ्या पुन्हा कापायच्या आहेत. पुतण्या बाल्सा पाठवतो म्हणाला आहे. लहान्याने घरचीकडून जुन्या टॉर्चचे दोन दिवे मागून घेतले, एकाला लाल कागद लावला आणि एकाला हिरवा, आणि ते कोठीच्या दारावर ठेवले आहेत. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणतो, तू आधी फासळ्या काप.